चार याद्या, प्रत्येकी चाळीस पक्षी: मग येऊर आणि ऐरोली सारखेच का?

कळव्याच्या एका शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या निसर्ग मंडळाच्या मुलांनी हिवाळ्यात ठाण्याच्या आसपास चार ठिकाणी पक्ष्यांच्या याद्या केल्या: येऊरचं डोंगरातलं रान, शहराला लागून असलेला उपवन तलाव, पारसिकची टेकडी आणि ऐरोलीचा खाडीकाठ. चारही याद्या चाळिशीच्या आसपास भरल्या. मुलं म्हणाली, "मग बाई, सगळीकडे सारखंच की!" बाईंना तीन गोष्टी हव्या आहेत. मुलांना काय सांगायचं, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना जाती किती बदलल्या ते संगणकाशिवाय मोजता येतं का, आणि पुढच्या वर्षी पाचवं ठिकाण कोणतं घ्यायचं.

बाई, मुलांची शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर त्यांच्याच वह्यांत पडलेलं आहे. तळाशी लिहिलेला आकडा झाका आणि नावं शेजारी-शेजारी मांडा. येऊरच्या यादीत हळद्या, नाचण, टकाचोर, कोतवाल असणार. ऐरोलीच्या यादीत शेकाट्या, तुतवार, कुरव, रोहित. दोन्हीकडे असलेली नावं वेगळी काढायला बसलात तर घार, कावळा, बुलबुल, खंड्या अशी मोजकीच हाती लागतील. आकडा जुळला, पक्षी जुळले नाहीत. एका जागी किती जाती आहेत हा एक प्रश्न, आणि जागा बदलली की त्यातल्या किती बदलतात हा अगदी निराळा प्रश्न. आपल्याकडे पहिल्याचं फार कौतुक होतं. 'अमुक टेकडीवर इतक्या जातींची नोंद' असं म्हटलं की बातमी होते. ठाण्यासारख्या ठिकाणी दुसरा प्रश्नच जास्त महत्त्वाचा, कारण इथे दहा किलोमीटरच्या आत डोंगर आहे, शहर आहे आणि समुद्राची खाडीही आहे.

माझ्या कामात हा घोटाळा सतत समोर येतो. पर्यावरणीय अहवालात प्रकल्पापासून १० किलोमीटर त्रिज्येतली जीवसृष्टी नोंदवायची पद्धत आहे. आता ठाण्याच्या कोपरीत कंपासचं टोक ठेवून असं वर्तुळ काढा. येऊरचं रान, पारसिक, खाडीचा चिखल, सगळं आत येतं. यादी भरघोस होते, वाचणाऱ्याला वाटतं सगळं सगळीकडे आहे, आणि प्रत्यक्ष ज्या चार एकरांवर काम होणार आहे तिथे त्यातलं काय राहतं हे त्या यादीतून कुणालाच कळत नाही.

मोजण्याकडे येतो. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६० साली ओरेगॉन-कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या सिस्कियू डोंगरांतल्या झाडोऱ्याचा अभ्यास मांडला आणि या गोष्टींना नावं दिली: एका जागेची विविधता म्हणजे अल्फा, साऱ्या परिसराची मिळून गॅमा, आणि जागेगणिक होणारा बदल म्हणजे बीटा. त्यांचा हिशोब पाचवीतल्या मुलालाही जमेल. समजा तुमच्या चार याद्यांची सरासरी ४० आहे आणि चारही एकत्र करून दुबार नावं काढल्यावर ११० उरतात. ११० भागिले ४०, उत्तर २.७५. चारही ठिकाणी तंतोतंत तेच पक्षी असते तर उत्तर १ आलं असतं. एकही नाव सामाईक नसतं तर ४. म्हणजे तुमच्याकडे पावणेतीन वेगवेगळ्या याद्यांइतका माल आहे. मुलांना आधी एवढंच करू द्या.

पण हा आकडा चारही ठिकाणांना एका पोत्यात घालतो. कोणतं ठिकाण कुणापासून किती दूर, हे बघायला जोड्या लावाव्या लागतात. त्यासाठी स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल जकार यांनी आल्प्सच्या वनस्पतींवर काम करताना १९०१ सालीच एक रीत काढली होती. मी मुलांना डॅनिश सोरेन्सन यांची १९४८ची रीत शिकवतो, ती जरा सोपी पडते: सामाईक नावं मोजा, दुप्पट करा, दोन्ही याद्यांच्या बेरजेने भागा. येऊर ४०, ऐरोली ४०, सामाईक १०. वीस भागिले ऐंशी, म्हणजे ०.२५ सारखेपणा आणि ०.७५ फरक. चार ठिकाणांच्या सहा जोड्या होतात. एक तास पुरतो.

खरी मजा यापुढे आहे. फरक दोन तऱ्हेने पडतो आणि वरचं सूत्र दोन्ही एकाच मापाने मोजतं. येऊर आणि ऐरोली यांच्यात अदलाबदल आहे, इथले तिथे नाहीत आणि तिथले इथे नाहीत. आता समजा मुलांनी वर्तकनगरच्या एका गल्लीत फेरी मारली आणि फक्त १२ पक्षी मिळाले, आणि ते बाराही उपवनच्या ४० जणांच्या यादीत आहेत. सूत्रात घाला: चोवीस भागिले बावन्न, सारखेपणा ०.४६, फरक ०.५४. फरक चांगलाच मोठा दिसतो, पण वर्तकनगरने नवीन काहीच आणलेलं नाही. ती उपवनची गळती झालेली यादी आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढायची गणिती मांडणी स्पॅनिश संशोधक आंद्रेस बासेल्गा यांनी २०१० साली केली. वहीपुरती युक्ती अशी: दोन याद्यांतली छोटी घ्या, तिच्यातली किती नावं मोठ्या यादीत नाहीत ते मोजा, आणि छोट्या यादीच्या एकूण नावांनी भागा. वर्तकनगर-उपवन: शून्य भागिले बारा, शून्य. म्हणजे सगळा फरक गळतीचा. येऊर-ऐरोली: तीस भागिले चाळीस, ०.७५. सगळा फरक अदलाबदलीचा.

हे वेगळं का काढायचं? कारण दोन्हींतून निघणारी कामं उलट आहेत. गळती असेल तर मोठ्या यादीचं ठिकाण राखलं की बरंचसं राखलं गेलं. अदलाबदल असेल तर एकाच्या बदल्यात दुसरं चालत नाही. खाडीकाठची झाडं तोडून डोंगरावर चौपट रोपं लावली, असं कुणी सांगितलं की मी हाच ०.७५ पुढे करतो.

प्रत्यक्षात वर्तकनगरमध्ये शून्य येणार नाही, हेही सांगून ठेवतो. पारवे आणि चिमण्या शहराच्या आहेत, रानाच्या नाहीत. एक-दोन नावं वर येतीलच.

आता जागेवर काय दिसतं ते. मुलांना वाटतं, जितकं दूर जाऊ तितकं वेगळं. तसं होत नाही. बदल सारख्या गतीने होत नाही. तो काही जागी एकदम होतो आणि मधे लांबच लांब काहीच होत नाही. ऐरोलीच्या बाजूला खाडीच्या एखाद्या जुन्या बांधावर उभे राहा आणि ओहोटीला खाडीकडे तोंड करून बघा. लांबवर उघडा चिखल. मग तिवरांची रांग, चिखलातून बोटभर वर आलेली श्वासमुळं. तिवराचं एक पान तोडून जिभेला लावा, खारट लागतं, कारण हे झाड आत आलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. अलीकडे, जिथे रोजचं पाणी पोचत नाही, तिथे मारांडीच्या काटेरी झुडपांचे पट्टे. त्याच्याही अलीकडे जमीन जराशी चढते आणि मांसल पानांची मोरस दिसते. बांधाच्या कडेला पिलूची झुडपं. आणि बांध ओलांडला की सुबाभूळ, रस्ता, पानटपरी. या सगळ्याला काही पावलं पुरतात. जमिनीची उंची वीतभर बदलली की दिवसातले किती तास पाण्याखाली राहायचं ते बदलतं, मातीतलं मीठ बदलतं, आणि त्याबरोबर झाडं.

पिलूपाशी जरा थांबा. स्मॉल सॅमन अरब नावाचं एक छोटं, फिकट नारिंगी फुलपाखरू त्याच्याभोवती घुटमळताना दिसेल. त्याच्या अळीचं अन्न ही झाडंच. येऊरला हे फुलपाखरू शोधत दिवसभर हिंडलात तरी भेट व्हायची शक्यता नाही, कारण तिथे पिलू नाही. उलट कारवीवर वाढणारं ब्ल्यू ओकलीफ खाडीवर दिसणार नाही. वर उडणाऱ्या जिवाची हद्द खालच्या एका झुडपाने ठरवलेली असते. पंख असूनही.

डोंगरात बदलाची रेष वेगळीकडे असते. येऊरच्या पायवाटेवर साग, ऐन, कळंब, कुंभा यांच्या सोबतीने बराच वेळ चाललात तरी यादीत फारशी भर पडत नाही. मग वाट ओढ्यात उतरते आणि एकदम करंज, उंबर, जांभूळ. सावली गडद, हवा गार. ओढा चढून वर खडकाळ, पातळ मातीच्या उतारावर आलात की पांढऱ्या सालीचा कांडोळ, आणि मोकळ्या चढावर कारवी. हा बदल पाणी आणि मातीच्या जाडीचा आहे. दोन ओढ्यांमधलं अंतर किलोमीटरभर असलं तरी त्यांच्या याद्या एकमेकांना जवळच्या, आणि ओढ्यापासून हाकेच्या अंतरावरचा कडा दूरचा.

पारसिकची गोष्ट आणखी वेगळी, आणि माझ्या मते तुमच्या चार ठिकाणांत सगळ्यात शिकण्यासारखी. खडक तोच काळा बेसॉल्ट, पाऊस तोच, येऊरपासून अंतर फार नाही. निसर्गाच्या हिशोबाने दोन्ही याद्या बऱ्याच जुळायला हव्यात. झाडांची यादी करून बघा, जुळणार नाहीत. तिथे खाणी चालल्या, तोड झाली, उन्हाळ्यात गवत पेटत राहिलं. आगीनंतर आणि तोडीनंतर बुंध्यातून पुन्हा फुटणारी पळस-सागासारखी मंडळी टिकली. आणि मग वनीकरणात आलेली गिरिपुष्प आणि सुबाभूळ. पारसिक आणि येऊर यांच्यातला फरक हा डोंगराचा नाही, इतिहासाचा आहे. सूत्र हे सांगत नाही. ते फक्त फरक आहे एवढं सांगतं. कारण शोधायला गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावं लागतं.

शहराचं बरोबर उलट. वाशीच्या सेक्टरमधली रस्त्याकडेची झाडं आणि पाचपाखाडीतली झाडं लिहून काढा: गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, अशोक, नारळ. मधे खाडी आहे, मैलांचं अंतर आहे, आणि यादी जवळजवळ एकच. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, सुबाभूळ मेक्सिकोकडचा. जिथे लावू तिथे तेच, म्हणून शहरांचा बीटा कोसळतो. प्रत्येक प्रभागात 'पन्नास जातींची वृक्षलागवड' झाली आणि ते पन्नास सगळीकडे तेच असले, तर प्रत्येक प्रभागाचा आकडा वाढतो आणि ठाणे एकूणात सपाट होतं. खारघर-पारसिकच्या गवताळ माथ्यावर रोपं लावायला जाणाऱ्या उत्साही मंडळींनी ऑगस्टमध्ये एकदा तिथे नुसतं चालून यावं. तेरडा, सोनकी, कवला या गवतातल्या छोट्या वनस्पतींना ऊन लागतं. झाडांच्या सावलीत ते माथे हिरवे दिसतील आणि यादी मात्र खालच्या उद्यानाची होईल.

आणि खाडीतही हिरवं म्हणजे चांगलं असं धरू नका. ठाणे खाडीत गाळ साचत गेला तसं कांदळवन पुढे सरकलं आणि उघडा चिखल आक्रसला. रोहित, तुतवार, कुरव यांना चिखल लागतो, झाडं नव्हे. लहान रोहित पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले बारीक जीव. दोघांचंही ताट उघडं लागतं. २०१५ साली खाडीचा हा भाग रोहित अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आला. शेवाळ एवढं फोफावण्यामागे शहरांच्या सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद आहे, हा त्यातला अडचणीचा भाग. भाषणांत तो येत नाही.

आता तुमच्या याद्यांत कुठे फसगत होऊ शकते ते सांगतो, कारण आकडे काढल्यावर मुलं त्यावर विश्वास ठेवतील.

पहिली गोष्ट भरती-ओहोटी. ऐरोलीची फेरी भरतीला झाली असेल तर चिखल पाण्याखाली होता आणि पक्षी तिथे नव्हतेच. ते नेरुळकडच्या पाणथळींवर जाऊन बसतात आणि पाणी उतरलं की परततात. भरतीला नेरुळ आणि ओहोटीला ऐरोली अशा दोन याद्या केल्यात तर त्या छान जुळतील, कारण ते तेच पक्षी आहेत. उलट दोन्ही याद्या एकाच वेळी केल्यात तर दूरच्या वाटतील. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण नोंदीत भरतीची वेळ नसेल तर दोन्ही निरुपयोगी. या दोन जागा मिळून एक घर आहे, आणि नेरुळची पाणथळ बुजवली तर ऐरोलीच्या यादीतली नावं गळतील, हेही यातूनच समजतं.

दुसरी गोष्ट ओळख. एका गटाने 'बगळा' असं एकच नाव लिहिलं आणि दुसऱ्याने गायबगळा, लहान बगळा, मध्यम बगळा, मोठा बगळा अशी चार, तर नसलेला फरक तयार होतो. झाडांत तर 'तिवर' या एका नावाखाली चिप्पीपासून कांदळापर्यंत सगळं येतं. हिशोब करण्याआधी सगळ्या गटांना एकत्र बसवून नावं एकसारखी करून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून चालत नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. त्याच ठिकाणी, तीच मुलं, तीच वाट, लागोपाठच्या दोन सकाळी फिरवा आणि या दोन याद्यांमधला फरक वरच्याच सूत्राने काढा. तो शून्य येणार नाही. जाणकार माणसाच्याही दोन सकाळच्या याद्या जुळत नाहीत. एखादा पक्षी गप्प बसतो, एखादा उडून गेलेला असतो. समजा हा फरक ०.२ आला. मग उपवन आणि येऊर यांच्यातला फरक ०.२५ निघाला तर त्याचा गाजावाजा करू नका, तो निव्वळ योगायोगाचा असू शकतो. ०.७५ला मात्र योगायोग म्हणता येत नाही. भल्याभल्या अहवालांत ही दुसरी फेरी नसते. चारही ठिकाणी वेळ आणि चालण्याचं अंतर सारखं ठेवायचं हे वेगळं सांगायला नको.

मुलं जर पक्ष्यांची संख्याही मोजत असतील तर १९५७ची ब्रे आणि कर्टिस यांची रीत वापरता येते: प्रत्येक जातीचे दोन ठिकाणच्या संख्यांमधले कमी असलेले आकडे घ्या, त्यांची बेरीज दुप्पट करून सगळ्या पक्ष्यांच्या एकूण संख्येने भागा. पण खाडीवर १०,००० रोहित आणि येऊरला ४ तांबट असं असलं तर रोहितांखाली बाकी सगळे दबून जातात. म्हणून आधी वर्गमूळ घ्यायचं. १०,०००चे १०० होतात, ४चे २. आठवीच्या मुलांना वर्गमूळ कशाला लागतं याचं एक उत्तर आपोआप मिळतं.

पक्ष्यांखेरीज आणखी एक सोपा उद्योग सुचवतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला ठाण्याच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायकांपाशी मुलांना न्या आणि कुठली भाजी कुठून आणली एवढंच विचारायला सांगा. शेवळं रानाच्या सावलीतल्या जमिनीतून पहिल्या पावसात वर येतात. टाकळा उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत. मोरस खाडीकाठच्या खारट जमिनीत, तिच्या भाजीत मीठ घालताना हात आखडता घ्यावा लागतो. भाज्यांच्या तीन वाट्यांमध्ये तुमच्या चारपैकी तीन ठिकाणं येतात, आणि त्या बाईंना त्यांच्या हद्दी माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक असतात. भाजी मात्र विकत घ्या. नुसतं विचारून उठू नका.

पाचव्या ठिकाणाबद्दल. तुमच्या मनात खारघर असावं असं प्रश्नावरून वाटलं. चांगलं आहे, पण मी घोडबंदर रस्त्यावरचं गायमुख घेईन. तिथे येऊरच्या डोंगराची सोंड खाली उतरते आणि पलीकडे लगेच उल्हास नदीची खाडी. मधे एक रस्ता, भरधाव गाड्यांचा, त्यामुळे मुलांना तो ओलांडू देऊ नका. दोन बाजूंना दोन गट उतरवा. दोन्ही बाजूंच्या याद्या वेगळ्या ठेवा आणि त्या एकमेकींशी, शिवाय येऊर आणि ऐरोलीशी ताडून बघा. माझा अंदाज आहे की डोंगराच्या बाजूची यादी काही किलोमीटर दूरच्या येऊरला जवळची निघेल आणि समोरच्या काठाला लांबची. काठाची बाजू ऐरोलीशी किती जुळेल ते मला सांगता येणार नाही. ती खाडी वेगळी, पावसाळ्यात तिच्यात नदीचं गोडं पाणी बरंच उतरतं, आणि उघडा चिखल ऐरोलीएवढा नाही. डोंगराच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते, तेव्हा वनविभागाची लेखी परवानगी आधी काढा. भरतीचं वेळापत्रक बघून तारीख ठरवा, आणि जमलं तर फेरी नोव्हेंबरात एक आणि फेब्रुवारीत एक करा. पाहुणे पक्षी येण्याचा आणि स्थिरावल्यानंतरचा असे दोन्ही काळ त्यात येतील.